जून महिन्यातलं 'बरोबर'

हॅमिल्टन
२८ सप्टेंबर

कोलीन,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नाही. 'कोल' असंही लिहिलेलं नाही, तेही बघून ठेव.

तुझं कार्ड मिळालं. कटॅनिंगच्या पोस्टाचा शिक्का, पुढे एक गलेलठ्ठ मेंढा, आणि आत तुझ्या अक्षरात एक ओळ: "नेल, तुला रडताना बघवत नव्हतं गं." संपलं. देशाच्या या टोकावरून त्या टोकाला पळून गेलीस आणि तिथून एक ओळ पाठवलीस, त्यातही मेंढ्याला जास्त जागा दिलीस. मी ते फाडायला घेतलं होतं. पण उजव्या हातात कागद धरलाय की सुटलाय, हे मला अजून डोळ्यांनी बघावं लागतं, आणि डोळ्यांत पाणी होतं. म्हणून कार्ड शाबूत आहे. फ्रिजवर उलटं लावलंय.

जे झालं ते सगळं तुला माहीत आहे. तरी मी लिहिणार, आणि पहिल्यापासून लिहिणार. ग्लेनफर्नच्या कातरणीच्या शेडमध्ये तू सगळ्यांना तुझ्या बाजूने सांगून मोकळी झालीस, आता माझी बाजू ऐक. फोन मी उचलत नाही, कारण फोनवर तू रडतेस, आणि धाकटी बहीण रडायला लागली की मीच समजूत घालत बसते. जुनी खोड आहे, जात नाही. कागदावर तुझं रडणं ऐकू येत नाही ते बरं.

तर तो कातरणीचा पहिला दिवस. फेब्रुवारीत मला पॅरालिसिसचा झटका आला, उजव्या हाताची संवेदना गेली, त्यानंतर मी पहिल्यांदाच शेडमध्ये पाऊल टाकत होते. लोकरीच्या तेलकट वासाने मला किती बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. डगलने विचारलं, "नेल, हात कसा आहे?" मालक म्हणून विचारलं त्याने, त्याच्या वर्षभराच्या लोकरीचा प्रश्न होता. मी म्हटलं, "पूर्वीसारखा. विचार कोलीनला." त्याने तुझ्याकडे बघितलं. तू थर्मासचं झाकण लावत होतीस. बराच वेळ लावत होतीस.

पहिल्या मेंढीची लोकर टेबलावर पडली. मी चिमूट घेतली, ताणली, बोटांत चोळली. "अठरा मायक्रॉन. बारीक. पहिला खण." पोरींनी गुंडाळून नेली. दुसरी पडली. "तेवीस. जाड. तिसरा खण." पोरी एकमेकींकडे बघत होत्या, मला वाटलं कौतुकाने. गासड्या दाबणारा ब्लुई, ज्याचं तोंड कातरणीच्या यंत्रापेक्षा जास्त चालतं, तो सकाळभर एक शब्द बोलला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की इथे कोणीतरी मेलंय.

आणि डोळे सांगत होते, बरं का. जी मी रेशीम म्हणून पहिल्या खणात पाठवतेय ती सुतळीसारखी दिसतेय, हे डोळ्यांना दिसत होतं. पण आपल्याला बाबांनी काय शिकवलंय? डोळ्याचं आणि हाताचं भांडण झालं की हाताचं ऐकायचं. धुळीच्या वर्षी डोळा फसतो, ढगाळ दिवशी फसतो, आदल्या दिवशी जास्त झाली असेल तरी फसतो. हात फसत नाही. आयुष्यभर मी लोकरीची प्रत लावत आले ती हाताचं ऐकून, आणि माझ्या परवान्याचा नंबर छापलेल्या गासडीबद्दल कधी कुणाची तक्रार आली नाही. म्हणून त्या दिवशीही मी डोळ्यांना गप्प बसवलं.

चहाच्या सुट्टीत चष्मा टेबलावर राहिला म्हणून मी परत आत आले. तू पहिल्या खणातली लोकर कवेत घेऊन तिसऱ्या खणाकडे निघाली होतीस. दोन पोरी तिसऱ्यातली पहिल्यात टाकत होत्या. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं, इतका सकाळपासून हात बसला होता. मला बघून तू म्हणालीस, "नेल, चहा गार होईल."

मग डगल मला त्याच्या गाडीपाशी घेऊन गेला. तोही बिचारा अवघडला होता. "अगं, कोलीनने मला जूनमध्येच सांगितलं होतं," तो म्हणाला, "की हात काही परत येत नाही. मला वाटलं तुलाही माहीत आहे. म्हटलं एक दिवस हौस म्हणून उभी राहत असेल, राहू दे."

हौस म्हणून.

जूनमध्ये, कोलीन. ज्या जूनमध्ये माझ्यासमोर बसून तू दिवसभर "बरोबर, बरोबर" म्हणत होतीस, त्याच जूनमध्ये तू त्याला खरं सांगितलंस. मेंढ्यांच्या मालकाला खरं आणि सख्ख्या बहिणीला खोटं.

नरेल


हॅमिल्टन
७ ऑक्टोबर

कोलीन,

मधे लिहिलं नाही ते राग गेला म्हणून नव्हे. पेनातली शाई संपली होती.

ब्लुई येऊन गेला. तुझी बाजू घेत होता. "आता तिने काय मुद्दाम केलं का? मायेपोटी केलं," म्हणाला. मी त्याला विचारलं, "तुला त्या पंधरवड्याचे नियम माहीत आहेत?" नव्हते. त्याला सांगितले, तसेच तुलाही सांगते, कारण तू विसरलीस असं समजायला मला फार आवडेल.

मेलबर्नच्या त्या हॉस्पिटलात आपण दोघी डॉक्टर थाओच्या समोर बसलो होतो. ती म्हणाली होती की मशरूममधलं हे औषध, सायलोसायबिन, उंदरांना दिलं तर पुढचे काही दिवस त्यांचा मेंदू पिल्लांच्या मेंदूसारखा शिकायला लागतो असं दिसलंय. मोठेपणी बंद झालेलं दार थोडा वेळ किलकिलं होतं. माणसात तसंच होतं का, झटक्याने गेलेला हात त्यात परत शिकतो का, ते आम्हालाही माहीत नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलंय. आणि मग ती म्हणाली, "औषध काही शिकवत नाही. ते फक्त मऊ करतं. शिकवायचं काम तुमचं."

तेव्हा एक प्रश्न आला होता. "मग चुकीचं शिकवलं तर तेही बसेल का?" डॉक्टर थाओ म्हणाली होती, "जे द्याल ते बसेल. ओल्या सिमेंटवरून कुत्रं गेलं तरी पाय उमटतातच." तो प्रश्न कुणी विचारला होता, आठवतंय? मी नव्हता विचारला. मी तर पाण्याचा ग्लास कुठल्या हाताने उचलावा या विचारात होते. तो तू विचारला होतास.

घरचं माणूस कोण राहणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझ्या तोंडून तुझं नाव निघालं. एका माणसाने पंधरवडाभर सोबत राहायचं. घरात भांडण नाही, नवीन माणसं नाहीत, मोठे निर्णय नाहीत. आणि सराव घ्यायचा. बाकीचे लोक पिशवीत हात घालून बटणं, नाणी, वाळू ओळखत होते. मी म्हटलं, मला बटणं ओळखून काय करायचंय, मला लोकर द्या. डॉक्टर थाओला ते आवडलं. ग्लेनफर्नची लोकर तूच आणून दिलीस, त्यांनी यंत्रावर मोजून पिशव्या भरल्या आणि प्रत्येक पिशवीच्या तळाला आकड्याची पट्टी शिवली. मी डोळे मिटून चोळायचं आणि आकडा सांगायचा. घरच्या माणसाने पट्टी वाचायची. बरोबर असेल तर बरोबर म्हणायचं, चूक असेल तर चूक म्हणायचं आणि खरा आकडा सांगायचा. चुचकारायचं नाही, अर्धवट हो म्हणायचं नाही. हे तुला एकटीला बाजूला घेऊन पुन्हा सांगितलं होतं. तू मान डोलावलीस आणि त्यांचं बिस्किट खाल्लंस.

तुझी इतक्या वर्षांची बोटं त्यांना नकोच होती, कोलीन. पट्टी वाचता येणारं कुणीही चाललं असतं.

कॅप्सूलचा दिवस कसा गेला ते तुला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, दोन्ही बाजूंना दोन माणसं बसलेली. मधेच मी त्यांना म्हटलं होतं, हे गाणं बंद करा, बँकेला फोन लावला की हेच वाजतं. त्यावर आपण किती हसलो होतो. बाकी मी काय पाहिलं ते इथे परत लिहीत नाही. ते तुला एकदा दिलं होतं, आता ते माझं मला परत हवंय.

मग घरी. पहिला दिवस, सगळं चूक. दुसरा दिवस, सगळं चूक. बोटांत काहीतरी कळत होतं पण काय कळतंय ते कळत नव्हतं. मी पिशवी भिंतीवर फेकली आणि न्हाणीघरात जाऊन रडले. तू दाराबाहेर उभी होतीस, तुझे पाय दिसत होते फटीतून. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवीत हात घातला आणि म्हटलं, "अठरा?" तू थोडी थांबलीस. मग म्हणालीस, "बरोबर."

ते थांबणं मी ऐकलं होतं. मला वाटलं तुझा गळा दाटून आलाय आनंदाने.

त्यानंतर काय दिवस गेले ते. तू बटाट्याचं सूप करायचीस, जूनच्या थंडीत हीटर लावायचीस, मी डोळे मिटून आकडे सांगायचे आणि तू बरोबर म्हणायचीस. एकही चूक नाही. ब्लुई आज म्हणाला, "तुला शंका कशी आली नाही? मला तर बिंगोमध्येसुद्धा लागोपाठ तीन आकडे लागले तर वाटतं यंत्र बिघडलं." मी म्हटलं, का यावी शंका? समोर तू होतीस. केसाने गळा कापणं असं म्हणतात ना, ते आपल्या घरात लोकरीने झालं.

पंधरवडा संपल्यावर हॉस्पिटलात माझी परीक्षा झाली. निकाल मात्र सगळ्यांची पाळी संपल्याशिवाय कुणालाच सांगत नाहीत, हे तुला ठाऊक होतं. म्हणजे सप्टेंबरच्या कातरणीपर्यंत तुला धोका नव्हता. सप्टेंबरपर्यंत मी या गावात राणीसारखी हिंडले. बेकरीत सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, ज्याने विचारलं नाही त्यालाही सांगितलं की माझा हात आला. तू शेजारी उभी राहून हसायचीस.

नरेल


हॅमिल्टन
२३ ऑक्टोबर

कोलीन,

डॉक्टर थाओचा फोन आला होता. मी तिला शेडमधलं सगळं कळवलं होतं. तुझं नाव घेऊन कळवलं, चहाडी म्हण हवं तर. ती म्हणाली, "नरेल, तुमचा जूनमधला निकाल मी आता उघडून बघितला. तुम्हाला ऐकवू का?"

"ऐकवा."

"तुमचा हात शिकला आहे."

मी म्हटलं, "डॉक्टर, चेष्टा करू नका. मी जाड्याला बारीक म्हणते आणि बारकाला जाड."

"तेच तर. दर वेळी म्हणता. ज्याच्या हाताला काहीच कळत नाही तो कधी हे म्हणतो, कधी ते. तुमचं तसं नाही. तुम्हाला फरक कळतोय. पहिल्यांदा जे उलटं नाव घेतलंत त्यालाच 'बरोबर' मिळत गेलं, म्हणून नाव चुकीचं बसलंय, पण पक्कं बसलंय. जे शिकवलं गेलं ते तुमचा हात अगदी मन लावून शिकला."

फोन ठेवला आणि मी मागच्या अंगणात गेले. मॅगपाय पक्ष्याने नेहमीसारखी डोक्यावर झडप घातली, त्याची पिल्लं आहेत वरती. त्याला मी अशा शिव्या घातल्या की शेजारचा वॉरन कुंपणावरून डोकावला आणि परत आत गेला.

तुला समजतंय का? हात मेला असता तर मी रडून मोकळी झाले असते. दैवाला बोल लावला असता. पण हात जिवंत होता, कोलीन. चांगल्या शाळकरी मुलीसारखा पाटी घेऊन बसला होता, आणि तू त्याला उलटं शिकवलंस. ते दार एकदा उघडलं होतं, माझ्यासाठी, या वयात, आणि आत यायला मी तुला दिलं.

मला उत्तर तयार करून ठेवू नकोस की नावं उलटी करून म्हण, काम होईल. करून बघितलं. अगदी जाड आणि अगदी बारीक यात जमतं. मधल्या लोकरीत नुसता गोंधळ होतो, आणि पोट त्या मधल्या लोकरीवरच भरतं हे तुला मी सांगायला नको. डाव्या हाताचंही सुचवू नकोस. तो बिचारा जन्मभर नुसता धरायचं काम करत आला, त्याला काय कळतंय.

डॉक्टर थाओ आणखी एक म्हणाली. घरच्या माणसाने नियम मोडला, त्यामुळे माझं माप त्यांच्या अभ्यासात आता धरता येणार नाही. म्हणजे मी विज्ञानाच्याही कामाची राहिले नाही. पण त्यांच्या समितीने परवानगी दिली तर मला फेब्रुवारीत पुन्हा एकदा औषध देता येईल. चुकीचं पुसून नवीन बसेल का, याची ती खात्री देत नाही. "कदाचित," म्हणाली. तिचं प्रत्येक वाक्य 'कदाचित'ने सुरू होतं, तरी मला या सगळ्या काळात तेवढीच एक खरं बोलणारी बाई भेटली.

शेवटी मी तिला एक विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं. म्हटलं, "त्या पंधरवड्यात मला माझ्या बहिणीबद्दल फार प्रेम वाटत होतं. इतकं पूर्वी कधी वाटलं नव्हतं. ती सूप ढवळायची तरी बघत बसावंसं वाटायचं. तेही औषधाचंच का?"

ती म्हणाली, "सांगता येणार नाही. उंदरांत असं दिसलंय की त्या दिवसांत पिंजऱ्यातल्या ज्या गवतावर त्यांना सोबत मिळाली, त्या गवताची त्यांना ओढ लागते. नंतरही तिथेच जाऊन बसतात."

तू राहायचीस त्या खोलीत मी अजून जाते. हे तुला सांगायचं नव्हतं, पण खोडलं तर पान घाण दिसेल. जाते आणि पलंगावर बसते. तिथे बसून तुझा राग राग करते आणि मधेच काहीतरी ऊबदार पोटातून वर येतं. हात लोकरीला फसतो तसं हे तुला फसतंय का, ते मला कळत नाही. आपल्याच मनाची पारख आपल्याला करता येऊ नये, असं करून ठेवलंस तू माझं.

नरेल


हॅमिल्टन
१६ नोव्हेंबर

कोलीन,

काल मी फोन उचलला. तुला आश्चर्य वाटलं, मलाही वाटलं. जे बोलणं झालं ते इथे लिहून ठेवते, उद्या तू म्हणायला नको की असं म्हणालेच नव्हते.

मी म्हटलं, "रडायचं नाही. रडलीस की ठेवीन."

तू म्हणालीस, "नाही रडत."

"जूनमध्ये डगलला का सांगितलंस?"

"त्याने विचारलं. सप्टेंबरच्या कातरणीला तू येशील की दुसरं कुणी बघू, असं विचारलं. त्याच आठवड्यात. मी अंगणात जाऊन बोलले."

"आणि आत येऊन मला बरोबर म्हणालीस."

"पहिले दिवस मी खरंच मायेपोटी म्हणत होते, नेल. देवाशप्पथ. तू न्हाणीघरात असा हंबरडा फोडला होतास. म्हटलं, दोन दिवस धीर येऊ दे, मग खरं सांगायला लागू."

"मग?"

कटॅनिंगला मागे कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं.

"मग डगल म्हणाला, कोलीन, या वर्षी तूच प्रत लाव. आणि मला... नेल, मी सगळा जन्म तुझ्या टेबलाच्या टोकाला उभी राहिले. लोकर गुंडाळली, झाडलं, तुझा डबा आणला. माझ्याकडेही परवाना आहे, माझाही नंबर आहे, तो एका गासडीवर कधी छापला गेला नाही. त्या फोननंतर मी बरोबर म्हणायचे ते मायेपोटी नव्हे."

खरं बोललीस. पहिल्यांदाच. पट्टी वाचल्यासारखं बोललीस.

मी म्हटलं, "मागितलं असतंस तर?"

तू म्हणालीस, "दिलं असतंस?"

मी फोन ठेवला. त्या प्रश्नाचं उत्तर मी इथेही लिहीत नाही. तू काय केलंस ते त्या उत्तराने बदलत नाही.

सकाळी डगलकडे गेले होते. गासड्या अजून शेडमध्ये होत्या, ट्रक पुढच्या आठवड्यात येणार. सगळ्यांवर तुझा नंबर, कातरणी पुरी करूनच पळालीस तू. मी मुद्दाम आत जाऊन बघितला. नीट छापलाय, शाई पसरलेली नाही, ओळीत आहे. एका गासडीचं तोंड उसवलेलं होतं, त्यातली चिमूटभर काढून मी बोटांत चोळली. हात म्हणाला जाड. डोळे म्हणाले बारीक, सुंदर, सारखी. या वेळी मी डोळ्यांचं ऐकलं. तू काम चांगलं केलंयस. हे तुझं तुला कळायला हवं म्हणून लिहिलं, कौतुक म्हणून नव्हे.

आता कामाचं.

समितीची परवानगी आली. फेब्रुवारीत मी परत जातेय. पुन्हा कॅप्सूल, पुन्हा पंधरवडा, पुन्हा त्याच पिशव्या. घरचं माणूस कोण, असं डॉक्टर थाओने विचारलं. मला ठाऊक आहे, तू वाट बघत होतीस. फोनवर शेवटी म्हणालीसही, "या वेळी मला बोलव, मी पट्टीवर असेल तेच वाचीन, मेले तरी चालेल."

घरचं माणूस ब्लुई आहे.

हसू नकोस. त्याला लोकर आणि गोणपाट यातला फरक कळत नाही, पण चष्मा लावला की आकडे वाचता येतात. परवा आम्ही नुसता सराव करून बघितला, औषधाशिवाय. तो स्वयंपाकघरात बसला, चष्मा दोरीला बांधलेला, पुढ्यात बिअर. मी हात घातला आणि म्हटलं, "अठरा."

"चूक. तेवीस."

पुढची. "तेवीस."

"चूक. अठरा."

"एकवीस?"

"चूक."

मी म्हटलं, "अरे, निदान जवळपास तरी?"

"नेल," तो म्हणाला, "तू मला चूक आणि बरोबर एवढंच सांगायला बसवलंयस. जवळपासचे पैसे वेगळे."

मी रडले. त्याने बिअरचा घोट घेतला आणि पुढची पिशवी सरकवली. रडणं थांबेपर्यंत त्याने आणखी तीन वेळा चूक म्हटलं. आणि मला इतकं बरं वाटलं ते तुला सांगून कळायचं नाही.

तुला बोलावत नाही याचं कारण हे नाही की तू पुन्हा खोटं बोलशील. नाही बोलणार, मला माहीत आहे. कारण दुसरंच आहे. त्या दिवसांत तू समोर बसलीस, खरं बोललीस, सूप केलंस, तर मी तुला माफ करून टाकीन. आणि ते पक्कं बसेल. मग जन्मभर मला कळणार नाही की माफ मी केलं का औषधाने केलं. तेवढी एक गोष्ट मला माझ्या शुद्धीत ठरवायची आहे.

म्हणून फेब्रुवारी लागला की फोन करू नकोस. कार्ड पाठवू नकोस, मेंढ्याचं तर नकोच. ब्लुईला निरोप देऊ नकोस, त्याच्या पोटात काही राहत नाही. त्या खोलीला मी कुलूप लावून किल्ली वॉरनकडे देणार आहे. त्या दिवसांत तू माझ्यासाठी कुठेच नसशील.

हात येईल की नाही, मला ठाऊक नाही. डॉक्टर थाओलाही नाही. न आला तर शेड संपली, आणि ग्लेनफर्न तुझं, मी तोंडाने काही बोलणार नाही. आला तर टेबलाच्या एका बाजूला मी उभी राहीन, दुसरीकडे कोण ते डगलने ठरवावं.

मार्चमध्ये औषधाने उघडलेलं दार बंद झालेलं असेल. तेव्हाही मी त्या खोलीत जाऊन बसले, तर मी फोन करीन.

नरेल